स्मार्ट मीटर बसल्यापासून ब्रेकर पडतोय? रेडिओलहरींचा संशय तपासण्याची रीत

गेल्या पावसाळ्यात एका बंगल्यातून बोलावणं आलं. मीटर बदलून बारा दिवस झाले होते आणि तेव्हापासून आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर, अधूनमधून पडत होता, कधी भर दुपारी, कधी पहाटे तीनला. स्मार्ट मीटरच्या रेडिओलहरींनी ब्रेकर पडतात, असं घरातल्या आजोबांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी मीटरच्या पेटीवर अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळायची तयारीही केली होती. त्याआधी येऊन गेलेल्या वायरमननं तर आरसीसीबीला बगल देऊन फेज आणि न्यूट्रल सरळ जोडून टाकले होते. "आता पडत नाही," असं घरचे सांगत होते. पडणार कसा, तो वाटेतच नव्हता! बाथरूममध्ये गिझर, घरात दोन लहान मुलं, आणि शॉकपासून वाचवणारी एकमेव वस्तू काढून ठेवलेली. मी आधी ते जोडणं काढलं आणि मगच पुढचं काम हाती घेतलं.

त्या घरातला दोष पुढे सांगतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. रेडिओलहरींनी ब्रेकर पडणं ही अफवा नाही, अमेरिकेत ते घडलेलं आहे. पण ते कुठल्या जातीच्या ब्रेकरबाबत आणि किती अंतरावर घडतं, हे न पाहता मीटरकडे बोट दाखवलं तर खरा दोष भिंतीत तसाच राहतो. आणि तो दोष कधीकधी जिवावरचा असतो.

आधी पाहा, पडतंय काय?

वीज गेली की लगेच खटका वर करू नका. डीबीसमोर, म्हणजे घरातले सगळे ब्रेकर असतात त्या पेटीसमोर, उभं राहून नेमकं काय पडलं आहे ते पाहा आणि फोटो काढा.

सगळे खटके वर आहेत, शेजारी वीज आहे आणि तुमच्याच घरात नाही, तर ब्रेकर पडलेलाच नाही. आयएस १६४४४ या मानकाप्रमाणे बनलेल्या स्मार्ट मीटरच्या आत वीज तोडणारा एक स्विच असतो. मंजूर भारापेक्षा वापर जास्त झाला किंवा कार्यालयातून तसा आदेश आला, तर मीटर स्वतःच वीज तोडू शकतो. ही तक्रार पूर्णपणे वीज कंपनीकडची आहे, घरातल्या वायरिंगला हात लावायचं कारण नाही.

एखादाच छोटा एमसीबी, म्हणजे एकेका सर्किटचा ब्रेकर, पडत असेल तर रेडिओचा विषय तिथेच संपला. साध्या एमसीबीत एक द्विधातूची पट्टी असते आणि एक तांब्याचं वेटोळं. जास्त भार झाला की पट्टी तापून वाकते, शॉर्ट झाला की वेटोळ्याचं चुंबक खटका ओढतं. आत इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, त्यामुळे लहरींना पकडायला जागाच नाही. त्या सर्किटवरचा भार आणि शॉर्ट तपासा.

आरसीसीबी पडत असेल, तर मात्र थांबून विचार करायला हवा. हा ब्रेकर फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. फरक पडला की कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात प्रवाह उमटतो आणि खटका पडतो. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, पण मानकानुसार तो १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आरसीसीबीतही दोन जाती आहेत. एका जातीत त्या तिसऱ्या वेटोळ्याचा प्रवाह थेट एका चुंबकी खटक्याला सोडवतो, मध्ये कुठलंही सर्किट नाही. दुसऱ्या जातीत छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते, ती हा प्रवाह वाढवून मग खटका पाडते. आकारानं लहान आणि स्वस्त आरसीबीओंमध्ये (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेले ब्रेकर) ही दुसरी जात बरीच आढळते. ब्रेकरवरचा मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकात "पुरवठ्याच्या व्होल्टेजवर अवलंबून" आहे की "स्वतंत्र" ते पाहा. अवलंबून असेल तर ती इलेक्ट्रॉनिक जात, आणि रेडिओचा संशय घ्यायचा झाला तर इथेच घ्यायचा.

लहरी ब्रेकरमध्ये शिरतात कशा

जुने २जी मोबाइल आठवा. फोन टेपरेकॉर्डरजवळ किंवा संगणकाच्या स्पीकरजवळ ठेवला की घंटी वाजायच्या आधी स्पीकरमधून "टिर्र-टिर्र-टिर्र" असा आवाज यायचा. स्पीकरला ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी ऐकू येत नाहीत. पण फोन त्या लहरी सेकंदाला २१७ वेळा थांबत-सुटत फेकायचा. स्पीकरची तार अँटेना व्हायची, आतला ट्रान्झिस्टर त्या झटक्यांचं सावकाश विद्युतप्रवाहात रूपांतर करायचा, आणि तो आवाज म्हणून बाहेर यायचा.

इलेक्ट्रॉनिक ब्रेकरमध्ये हेच घडू शकतं. घरातल्या तारा अँटेना होतात, आतल्या अॅम्प्लिफायरला मीटरचा छोटा रेडिओ-झटका गळतीसारखा भासतो, आणि खटका पडतो. चुंबकी खटक्याच्या आरसीसीबीत असा अॅम्प्लिफायरच नसल्यानं ही शक्यता जवळजवळ उरत नाही.

आता ताकद किती, ते पाहू. भारतातले स्मार्ट मीटर एकतर मोबाइलच्या जाळ्यातून माहिती पाठवतात, नाहीतर ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या परवानामुक्त पट्ट्यात एकमेकांकडे. ४जी मोडेम जास्तीत जास्त ०.२ वॉट फेकतो, म्हणजे तुमच्या खिशातल्या ४जी फोनइतकाच. परवानामुक्त पट्ट्यात ट्रान्समीटरला १ वॉटपर्यंत मुभा आहे. १ वॉटचा साधा हिशोब मांडला तर एक मीटर अंतरावर विद्युतक्षेत्र सुमारे ५.५ व्होल्ट प्रतिमीटर भरतं, तीन मीटरवर १.८ आणि दहा मीटरवर जेमतेम ०.५५. मध्ये भिंती आल्या की आणखी कमी.

म्हणून सगळा खेळ अंतराचा आहे. सोसायटीत मीटर तळमजल्याच्या मीटररूममध्ये आणि तुमचा डीबी तिसऱ्या मजल्यावर असेल, तर मीटरच्या लहरींपेक्षा डीबीखाली चार्जिंगला लावलेला फोन जास्त जवळचा संशयित आहे. पण बैठ्या घरात ओसरीतल्या एकाच लाकडी फळीवर मीटर आणि त्याला लागून इलेक्ट्रॉनिक आरसीबीओ असेल, तर संशय रास्त आहे.

नोंदवही: सात दिवस, न चुकता

हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात. तरी करा. एका कागदावर तारीख, मिनिटासकट वेळ, पाऊस होता की नव्हता, त्या क्षणी कोणती उपकरणं चालू होती, आणि वीज नुकतीच जाऊन आली होती का, एवढं लिहा. शक्य असेल तर मीटरवरच्या खुणाही पाहा. बऱ्याच भारतीय मीटरवर 'अर्थ' असं लिहिलेला एक दिवा असतो. फेज आणि न्यूट्रलचे प्रवाह जुळले नाहीत की तो लागतो. तो सतत लागलेला असेल तर घरातला प्रवाह कुठेतरी भलत्या वाटेनं परततो आहे, ही मोठी खूण आहे.

सात दिवसांनी कागद समोर ठेवा. पावसाशी जुळलं तर भिंतीतला ओलावा किंवा बाहेरचा दिवा. गिझर, पंप, वॉशिंग मशीन यांच्याशी जुळलं तर ते उपकरण. वीज परत येतानाच पडत असेल तर एकदम चालू होणाऱ्या उपकरणांचे झटके. यापैकी कशाशीच न जुळता, रात्री घर झोपलेलं असतानाही पडत असेल, तर रेडिओचा कप्पा उघडा ठेवा. मीटर वापराची नोंद दर अर्ध्या तासाला, काही ठिकाणी पंधरा मिनिटांना करतो. पण पाठवणं त्याच क्षणी होईलच असं नाही, म्हणून घड्याळाच्या ठोक्याला पडला नाही एवढ्यावर मीटर निर्दोष ठरत नाही.

मीटर बदलल्याची पावती आणि जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो याच कागदाला जोडून ठेवा. ब्रेकर पहिल्यांदा पडल्याची तारीख मीटर बसण्याच्या आधीची निघाली, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मीटर बदलताना झालेल्या चुका शोधा

यापुढची कामं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. तुम्ही शेजारी उभे राहा, काय मोजलं ते लिहून घ्या. मीटरच्या सीलला आणि टर्मिनलच्या झाकणाला वायरमननंही हात लावायचा नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३८ खाली मीटरशी छेडछाड हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अॅल्युमिनियमचा कागद किंवा जाळी गुंडाळून मीटरचा संपर्क तोडणंही याच वाटेला नेऊ शकतं. शिवाय त्यानं वायरिंगमधला दोष तसूभरही हलत नाही.

पहिली तपासणी उलटसुलट जोडणीची. डीबीतल्या मुख्य स्विचच्या येणाऱ्या बाजूला टेस्टर लावा, मग मल्टिमीटरनं फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ मोजा. फेज ते अर्थ सुमारे २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. आकडे उलटे आले तर मीटर बसवताना फेज-न्यूट्रल बदलले गेले आहेत.

बंगल्यातला दोष हाच होता. पोर्चमधल्या दिव्याची न्यूट्रल तार भिंतीत कित्येक वर्षांपासून सोललेली होती आणि ओल्या गिलाव्याला टेकत होती. ओल्या भिंतीचा रोध आठ हजार ओहम धरू. पूर्वी त्या तारेवर दोन व्होल्ट असायचे, म्हणून गळती पाव मिलिअँपिअर. आरसीसीबीला पत्ताही लागत नसे. मीटर बदलल्यावर फेज-न्यूट्रल उलटले आणि त्याच तारेवर २३० व्होल्ट आले. गळती झाली सुमारे २९ मिलिअँपिअर. सर आली की ब्रेकर पडे, भिंत सुकली की टिके. वेळांना काही हिशोब नाही असं वाटत होतं, पण पाऊस लिहून ठेवल्यावर हिशोब लगेच दिसला.

यात भीतीदायक गोष्ट ब्रेकर पडण्याची नव्हती. घरातले सगळे स्विच आणि एकेरी एमसीबी आता न्यूट्रल तोडत होते. दिव्याचा स्विच बंद केला तरी होल्डरमध्ये वीज जिवंत. दिवा बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळणार नाही. आणि नेमका त्याच घरात आरसीसीबीला बगल दिलेली होती.

दुसरी तपासणी ढिल्या जोडणीची. न्यूट्रल ढिला असेल तर दिवे कमीजास्त होतात, व्होल्टेज उसळतं. मग डीबीत सर्ज रोखणारं साधन असेल तर ते अर्थमध्ये प्रवाह सोडू लागतं आणि आरसीसीबी पडतो. डीबीत मुख्य स्विचचे स्क्रू बंद विजेवर घट्ट करून घ्या. मीटरच्या टर्मिनलपाशी चटचट आवाज, जळका वास किंवा रंग बदललेलं प्लॅस्टिक दिसलं तर कशाला हात न लावता लगेच वीज कंपनीच्या १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार करा. तिथे उशीर म्हणजे आग.

तिसरी तपासणी इन्व्हर्टरची. घरच्या इन्व्हर्टरचा फेज आरसीसीबीच्या पलीकडून आणि न्यूट्रल अलीकडून घेतलेला असला की प्रवाहाची तुलना चुकते. मीटर बदलताना वीज काही वेळ बंद राहते आणि कोणीतरी घाईत इन्व्हर्टरच्या तारा हलवतो. मग हा दोष नेमका त्याच दिवसापासून सुरू होतो आणि मीटरच्या माथी बसतो.

गळती मोजा

एक एक एमसीबी बंद करून दोष शोधायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यात एक फट आहे. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे अर्थला टेकत असेल तर सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो. हे पाहून "बघा, घरातलं सगळं बंद आहे तरी पडतो, म्हणजे मीटरच" असा निष्कर्ष काढला जातो. तो चुकीचा आहे. न्यूट्रल लिंकवरून एकेक न्यूट्रल तार सोडवून पाहिल्याशिवाय घर निर्दोष म्हणता येत नाही.

गळती मोजायचा क्लॅम्प मीटर मिळाला तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र त्याच्या जबड्यात धरा. दिसेल तो आकडा थेट गळतीचा. संगणक, टीव्ही, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या आतल्या फिल्टरमधून प्रत्येकी थोडी गळती कायमच होत असते. अशी दहा-बारा मिलिअँपिअर आधीच जमली असेल तर १५ च्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आरसीसीबीला गिझरच्या जुन्या कॉइलचा थोडा धक्काही पुरतो. यावर उपाय म्हणजे सर्किटं वाटून दोन आरसीसीबी लावणं. ३० च्या जागी १०० मिलिअँपिअरचा बसवून प्रश्न मिटवू नका, तो आग रोखायला असतो, माणूस वाचवायला नाही.

त्यानंतर सगळी उपकरणं काढून, सर्ज रोखणारं साधन सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरनं (तारांच्या आवरणाचा रोध मोजणारं उपकरण) फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ रोध मोजा. एक मेगाओहमच्या खाली आलेलं सर्किट दोषी धरा.

आता रेडिओची परीक्षा

वरचं सगळं स्वच्छ निघालं आणि तरी ब्रेकर पडतोय, तरच इथवर या.

वायरमनला सांगा, संशयित ब्रेकर काढून टाकू नका. मुख्य स्विचवरून त्याला वीज द्या, पण पुढच्या दोन्ही तारा सोडवून टोकं झाका, म्हणजे तो रिकामाच चालू राहील. घराला त्याच क्षमतेचा, पण चुंबकी खटक्याचा नवा आरसीसीबी लावा. आठवडाभर दोन्हींवर नजर ठेवा.

नवा पडला तर गळती घरात आहे, मागे जाऊन पुन्हा मोजा. रिकामा पडला तर घराचा प्रश्नच नाही. तो ब्रेकर बिघडलेला आहे किंवा बाहेरच्या लहरींना बळी पडतोय. त्याच मॉडेलचा दुसरा नवा ब्रेकर रिकामा लावून पाहा, तोही पडला तर लहरींवरचा संशय पक्का होत जातो. दोन्ही टिकले, तर जुन्या ब्रेकरला तारा जोडल्यावरच त्रास होतो, म्हणजे तारा अँटेनाचं काम करत असाव्यात. अशा वेळी डीबीचं झाकण लावून, फोनवरून चालू कॉल ब्रेकरच्या अगदी जवळ धरून पाहा. फोननं ब्रेकर पडला तर त्याला लहरी सोसत नाहीत हे दिसलं. न पडला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण चांगल्या नेटवर्कमध्ये फोन अगदी कमी ताकदीनं बोलतो.

उपाय सोपा आहे. इलेक्ट्रॉनिक ब्रेकरच्या जागी चुंबकी खटक्याचा आरसीसीबी कायम करा. ते शक्य नसेल तर डीबी मीटरपासून दोन-तीन मीटर दूर हलवा. तारांवरच्या रेडिओलहरी दाबणारं फेराइटचं कडं वापरायचं तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून न्या, आणि कडं ८०० मेगाहर्ट्झच्या पुढे काम करणारं आहे ना ते विचारून घ्या. दुकानात सहज मिळणारी बरीच कडी त्याच्या कितीतरी खालच्या लहरींसाठी असतात.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

तिथे चित्र वेगळं आहे. १९९९ च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडनं बेडरूमच्या सर्किटला ठिणगी ओळखणारे ब्रेकर आणले, ती अट २००२ पासून लागू झाली आणि पुढे इतर खोल्यांत पसरली. हे एएफसीआय ब्रेकर तारेवरची उच्च वारंवारतेची खरखर सतत ऐकत बसतात, कारण ढिल्या जोडणीतली ठिणगी तशीच खरखरते. जो रेडिओसारखाच कान लावून बसला आहे, त्याला रेडिओचा त्रास होणारच. २०१३ साली हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्यांच्या, प्रक्षेपणानं असे ब्रेकर पडत असल्याचं समोर आलं. तेव्हा त्यांची संघटना एआरआरएल आणि उत्पादक ईटन यांनी मिळून तो दोष शोधला आणि ब्रेकर सुधारला गेला.

तिथले बरेच स्मार्ट मीटर ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. मीटर बाहेरच्या भिंतीवर आणि पॅनेल त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला, असंही पुष्कळ घरांत असतं, म्हणजे अंतर वीतभर. तुमच्याकडे असं असेल तर पडणाऱ्या ब्रेकरचा मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख लिहून उत्पादकाकडे नव्या पिढीचा ब्रेकर मागा. एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाकडे, जाऊन फारसं हाती लागणार नाही. त्यांचे भाग १५ चे नियम रेडिओसेवांना त्रास होऊ नये म्हणून आहेत, आणि ब्रेकर ही रेडिओसेवा नव्हे. कॅलिफोर्नियात २०१२ पासून पीजी अँड ई या वीज कंपनीच्या घरगुती ग्राहकांना शुल्क भरून बिनरेडिओचा मीटर घेता येतो. पण ब्रेकर बदलणं त्याहून स्वस्त पडावं.

तक्रार कशी लिहावी

महाराष्ट्रात "स्मार्ट मीटरच्या किरणांमुळे ब्रेकर पडतो" असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. तपासता येईल असं मागा. मी लोकांना साधारण असा मजकूर देतो:

"दिनांक अमुक रोजी माझा मीटर बदलला. त्यानंतर दिनांक अमुकपासून आरसीसीबी पडत आहे, वेळांची नोंद सोबत आहे. परवानाधारक वायरमनने मोजलेले फेज-अर्थ व न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज आणि मेगरचे आकडे जोडले आहेत. मीटरच्या येणाऱ्या व जाणाऱ्या बाजूची फेज-न्यूट्रल जोडणी, टर्मिनलचा घट्टपणा आणि न्यूट्रलची स्थिती तपासून लेखी अहवाल द्यावा."

उपविभाग कार्यालयात पोच घेऊन हा अर्ज द्या. उत्तर आलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यापुढे विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. दोन्हीकडे वकील लागत नाही. लाइनमन जोडणी तपासायला आला की काम होईपर्यंत थांबा. तो गेल्यावर, झाकण बंद झालेल्या मीटरच्या पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्या डीबीत, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजून घ्या. मग आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा. तो पडला पाहिजे.